बारा किलो ज्वारी

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'वाचन आणि धावणं', आणि त्याबद्दल मी बोलणारच आहे, शब्द देते, पण त्याआधी मला एक ज्वारीची गोष्ट सांगायचीय. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही असं मला मनापासून वाटतं.

आधी जरा हात वर करा बघू. गेल्या दोन-तीन वर्षांत मनाली, केरळ, राजस्थान, कुठे तरी लांब फिरून आलेले किती? अरे वा, निम्मं सभागृह! आता आपल्या साताऱ्याच्या किल्ल्याच्या, अजिंक्यताऱ्याच्या दक्षिण दरवाज्यात उभे राहिलेले किती? मंगळाईच्या देवळात गेलेले नकोत, दक्षिण दरवाजा विचारतेय. एक, दोन... त्या मागच्या काकांचा धरून चार. काका, तुम्ही नंतर मला भेटाच, तुमच्याशी काम आहे.

माझं औषधाचं दुकान आहे हे बऱ्याच जणांना माहितीये. दुपारी दोन ते पाच गिऱ्हाईक फारसं नसतं, त्या तीन तासांत मी गेली अठरा वर्षं वाचतेय. काय वाचते तर हाताला येईल ते, वनस्पतींवरचं, खडकांवरचं, विहिरींवरचं, लढायांचं, जुन्या पाककृती, शेतीची मासिकं, सगळं. आणि पहाटे पळते. आधी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चालायला लागले, मग पळायला लागले, मग आपल्या हिल मॅरेथॉनचं वारं लागलं आणि यवतेश्वरचा घाट पायाखाली आला. पण पाच-सहा वर्षं ही दोन कामं एकमेकांना ओळखतच नव्हती बघा. सकाळची मी वेगळी आणि दुपारची वेगळी.

मग १८८५ चं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ, हातात आला. तो कसा आला हे पण सांगते, कारण त्याचं मला अजून वाईट वाटतं. एका वाचनालयात, नाव नको, आपलं हे नव्हे, मी ते मागितलं. कपाटाला कुलूप होतं. खुर्चीवरचे गृहस्थ म्हणाले, कशाला हवंय, परीक्षेला आहे का? मी म्हटलं, नाही, नुसतं वाचायचंय. तर म्हणाले, नुसतं वाचायला ते कपाट उघडत नाही. खोली तुडुंब भरलेली होती, सगळी मुलं-मुली स्पर्धा परीक्षेला बसलेली, गाईड उघडून, आणि त्या पोरांबद्दल माझी काहीच तक्रार नाही, त्यांना जागा मिळालीच पाहिजे. पण त्यांच्या पाठीमागे काचेच्या कपाटात त्यांच्याच गावाचा इतिहास कुलपात पडून होता, आणि तो 'नुसता वाचायला' मागणं हे गैर वाटावं? मी चार खेपा घातल्या. पाचव्या खेपेला किल्ली सापडली. घरी न्यायला मिळालं नाही ते नाहीच, तिथेच बसून वहीत उतरवून घेतलं.

त्यात साताऱ्याचा, म्हणजे आपल्या अजिंक्यताऱ्याचा वेढा आहे. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः आला आणि एप्रिल १७०० मध्ये किल्ला पडला, साडेचार महिने. किल्लेदार प्रयागजी प्रभू. हे आपल्याला शाळेपासून माहिती असतं, सुरुंग लावला, तट उडाला, प्रयागजींना ढिगाऱ्याखालून जिवंत काढलं, दुसऱ्या सुरुंगाने तट उलटा मोगलांवरच कोसळला आणि त्यांचीच दीड-दोन हजार माणसं गेली. पण गॅझेटियरात छावण्या कुठे होत्या ते पण दिलंय. बादशहाचा तंबू उत्तरेला करंज्यात. शहजादा आझम पश्चिमेला, त्याच्यावरून त्या गावाचं नाव पडलं शहापूर. दक्षिणेला शिरझाखान, पूर्वेला तरबियतखान. आता करंजे म्हणजे कुठे? माझ्या पळायच्या रस्त्यावर! रोज सकाळी साडेपाचला मी बादशहाच्या छावणीतून पळत होते आणि मला पत्ता नव्हता. दुपारी दुकानात ती वही उघडली आणि मला बसवेना. शटर अर्धं ओढून मी बाहेर रस्त्यावर जाऊन किल्ल्याकडे बघत उभी राहिले.

आणि तिथेच पुढे एक वाक्य आहे. किल्ल्यात दाणागोटा जेमतेम दोन महिन्यांचा होता, कारण औरंगजेब पन्हाळ्यावर जाणार असा सगळ्यांचा समज. मग साडेचार महिने निघाले कसे? तर मराठ्यांचे परशुराम त्र्यंबक परळीच्या किल्ल्यात, म्हणजे आपल्या सज्जनगडावर होते आणि आझमच्या काणाडोळ्यामुळे तिथून इकडे धान्य पोचत होतं. ही हकीकत मूळची ग्रँट डफची, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ब्रिटिश अधिकारी, तो १८१८ ते १८२२ इथेच साताऱ्यात होता, त्यामुळे त्याला जागा माहिती होत्या. बास, एवढंच एक वाक्य. धान्य पोचत होतं.

एखादा बसल्या जागी हे वाक्य वाचून पुढे जाईल. मी पण गेलेच होते. पण त्याच आठवड्यात बोगद्यातून पलीकडे परळीच्या रस्त्याला लांब पल्ल्याचं पळायला गेले आणि गजवडीच्या पुढे पाय इतके भरून आले की रस्त्याकडेला बसले आणि तेव्हा डोक्यात आलं, अगं, हेच ते अंतर! मी हातात पाण्याची एक बाटली घेऊन दमलेय, आणि कोणीतरी इथून धान्य नेत होतं, रात्री, शत्रूच्या छावणीच्या कडेने, आणि शेवटी तीनशे मीटरची चढण. मग तिथेच हिशोब मांडला. गडावर किती माणसं होती ते सोडा, नुसती पाचशे धरा, माणशी अर्धा किलो. म्हणजे रोज अडीचशे किलो. एका माणसाचं ओझं तीस किलो धरलं तरी आठ-नऊ माणसं, रोज रात्री, चुकवून चालायचं नाही. आकडा माझा आहे, कमीजास्त होईल, पण 'धान्य पोचत होतं' या शब्दांत किती पाय आहेत ते मला त्या दिवशी कळलं.

मग मी ठरवलं की आपण ते ओझं एकदा न्यायचं. आमच्या पळायच्या ग्रुपमधल्या दोघी तयार झाल्या. प्रत्येकीच्या सॅकमध्ये बारा किलो ज्वारी, तीस किलो काही आम्हाला झेपणारं नव्हतं. पौर्णिमेच्या पुढेमागे, पहाटे तीनला परळीतून निघालो. पहिली गोष्ट कळली ती चांदण्याची. वाट छान दिसते, पण तुमची सावली पण लांबवर दिसते. म्हणजे ती माणसं चांदण्यात जात नसणार, अंधारातच. दुसरं म्हणजे ज्वारी आवाज करते. पाठीवर चालताना सतत सळसळते. दाबून भरली तर कमी, सैल भरली तर जास्त. आता हे कुठल्या पुस्तकात मिळणार सांगा मला.

गजवडीच्या अलीकडे माझ्या सॅकचा पट्टा शिवणीतून उसवला आणि सॅक आपटली ती चेन तुटून सगळी ज्वारी डांबरावर. नुकतं उजाडत होतं. बाजूच्या गोठ्यातून एक आजी शेणाची पाटी घेऊन बाहेर आल्या, ऐंशीच्या पुढच्या असतील. बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "का गं पोरींनो, येष्टी न्हाय का गावली?" आम्ही सांगितलं काय करतोय ते. त्या हसल्या नाहीत हां. पाटी खाली ठेवली, हात धुतले, आत जाऊन केरसुणी आणि सूप घेऊन आल्या. ज्वारी एका कडेला लोटली आणि तिथेच रस्त्याकडेला बसून पाखडायला लागल्या. ते बघत राहावं असं होतं. मनगट असं किंचित तिरकं, सुपाला दोन हलके झटके, माती आणि फोलपट पुढच्या कडेवरून उडून जातंय, खडे मागे राहतायत आणि ज्वारी मधे. मग बोटाच्या पेराने एकेक खडा टिपून बाहेर. बारा किलो ज्वारी त्यांनी पाऊण तासात लखलखीत करून दिली.

आणि मग म्हणाल्या, "पाठीवर कुटं व्हझं नेत्यात? डोस्क्यावर घ्यावं." जुन्या लुगड्याची चिंधी आणली, दोन बोटांभोवती गुंडाळत गुंडाळत पीळ देऊन चुंबळ केली, माझ्या डोक्यावर ठेवली, वर ज्वारीचं गाठोडं. मान एकदम सरळ झाली. पाठीवर असताना मी पुढे वाकून पायाकडे बघत होते, डोक्यावर घेतल्यावर समोर बघावंच लागतं. चाल बदलली, पाऊल आखूड झालं, दम कमी लागायला लागला. त्यांच्या सासूबाई तांदळाची पाटी घेऊन बाजारला साताऱ्याला जायच्या, म्हणाल्या. मी विचारलं, याच रस्त्याने? तर म्हणाल्या, "ह्यो रस्ता कशाला? डोंगराच्या कुशीनं वाट हाय की, बायांची." बायांची वाट! अख्ख्या गॅझेटियरात नाही सापडली ती.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिली. बरं. म्हणजे विषयावर यायला पाहिजे.

तर वाचन आणि धावणं. माझं म्हणणं असं की चौफेर वाचायचं, पण ते कुठेतरी टेकवायला जमीन लागते, आणि ती जमीन घरापासून पायी जाता येईल एवढीच असावी. यवतेश्वरचा घाट पळताना पाय सांगतात की ही चढण सलग नाही, चढ, मग थोडी सपाटी, परत चढ. हे पायांना सहा वर्षं माहिती होतं. मग भूगर्भाचं पुस्तक वाचताना कळलं की आपला सह्याद्री म्हणजे एकावर एक पसरलेले लाव्हाचे थर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, या थरांनाच दख्खनचा ट्रॅप म्हणतात, आणि त्यातला 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आलाय. जिना! मी रोज तो जिनाच चढत होते. मला इतका आनंद झाला होता त्या दिवशी की मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला गोळ्यांबरोबर ते सांगत होते.

कासच्या पठाराचं पण तसंच. २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत पश्चिम घाटाबरोबर नाव आलं आणि गाड्यांची रांग लागली. लोक जातात, फोटो काढतात, येतात. पण सड्यावर, म्हणजे त्या उघड्या खडकाळ पठारावर, गुडघे टेकून बसलं तर दवबिंदूचं रोप दिसतं, नखाएवढं, पानांवर चिकट थेंब, त्यात चिलट अडकलेलं. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, त्यात नत्र नाही म्हणून ते रोप किडे खातं. हे वाचून गेलात तर पंचवीस किलोमीटरवर तुम्हाला दुसरंच कास दिसेल. आणि गाडीतून नाही दिसणार, त्या वेगाला नखाएवढं काही दिसत नाही.

अजून एक, घाईत सांगते. एकाच विषयाचं वाचू नका असं मी म्हणते ते याचसाठी, की डोंगर एका विषयाचा नसतो. तोच किल्ला खडकाचा आहे, लढाईचा आहे, गवताचा आहे, बायांच्या वाटेचा आहे. आणि एकच रस्ता पुन्हा पुन्हा पळलं पाहिजे, जसं एकच पान पुन्हा वाचतो तसं. मी करंज्यातून हजार वेळा तरी गेले असेन, अजून नवीन दिसतं. पळायचं नसेल तर चाला, गुडघे दुखत असतील तर हळू चाला, कोणी घड्याळ लावून बसलेलं नाही.

दोन मिनिटं, झालंच. मला तुमच्याकडून एक मदत हवीय आणि त्यासाठीच खरं तर मी आज आले. त्या आजी गेल्या पावसाळ्यात वारल्या. बायांची वाट त्यांनी मला हाताने दाखवली होती, अशी, डोंगराच्या कडेने, पण आम्ही तीनदा शोधली, आम्हाला ती वरपर्यंत सलग लागली नाही, घाणेरीच्या रानात हरवते. ती वाट दक्षिण दरवाज्यापर्यंत जात असेल तर धान्य त्याच वाटेने चढलं असेल का, हे मला बघायचंय. तुमच्यापैकी कोणाचं माहेर परळीकडे असेल, गजवडीकडे असेल, शहापूरला असेल, घरात म्हातारं माणूस असेल, तर त्यांना विचारा, बाजारला कुठून जायचात, ओझं कुठे टेकवायचात, पाणी कुठे प्यायचात. लिहून घ्या आणि मला दुकानावर आणून द्या. दोन ते पाच मी असतेच. आणि ते मागचे काका, दक्षिण दरवाज्याचे, तुम्ही प्लीज थांबा, जाऊ नका.