नग कमी, भावही कमी

नाणी जमवणाऱ्या कुणालाही विचारा, तो सांगेल: नग जितके कमी, तितका भाव चढा. हा हिशेब कुठे फसतो ते पाहायचं असेल, तर १९८० च्या दशकातल्या दोन अतिवेगवान गाड्या, पोर्शे ९५९ आणि फेरारी एफ४०, शेजारी उभ्या करा. ९५९ बनल्या तीनशेच्या आसपास. एफ४० तेराशेहून जास्त. फेरारीने आधी चारशेच काढायचं ठरवलं होतं, पण गिऱ्हाइकं बघून हात आवरला नाही. तरीही लिलावात एफ४० वरचढ ठरते.

९५९ जन्मली ग्रुप बी या रॅली-शर्यतींच्या गटाच्या नियमांतून. शर्यतीत उतरायचं तर तशा २०० गाड्या बनवायच्या, ही अट. १९८६ मध्ये तिने पॅरिस-डाकार या लांब पल्ल्याच्या वाळवंटी रॅलीत पहिला आणि दुसरा, दोन्ही क्रमांक घेतले, आणि त्याच वर्षाअखेर ग्रुप बीच गुंडाळला गेला! मागे २.८५ लिटरचं सहा सिलिंडरांचं इंजिन. सिलिंडर हवेने थंड होणार, त्यांच्यावरचं झाकण, म्हणजे हेड, पाण्याने. इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारे टर्बो दोन, पण इंजिनाचे फेरे कमी असताना एकच काम करतो, दुसरा नंतर येऊन मिळतो. ताकद चारही चाकांना, आणि पुढे किती, मागे किती, ते संगणक ठरवणार. गिअर सहा; पहिल्यावर आकडा नाही, 'जी' हे अक्षर. गेलेंडे, म्हणजे उघडं रान. किंमत ४,२०,००० जर्मन मार्क, आणि तरी पोर्शेला प्रत्येक गाडीमागे तोटाच.

मग भावाचं घोडं अडलं कुठे? एक तर अमेरिकेत. तिथले धडक-चाचणीचे नियम पोर्शेने पुरे केले नाहीत, म्हणून ती तिथे विकता आली नाही. बिल गेट्स यांची ९५९ दहा वर्षांहून अधिक काळ सीमाशुल्क खात्याकडे पडून होती. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ९५९ मधला टायरची हवा कमी झाल्याचा इशारा हा तेव्हा चमत्कार होता. आज तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या गाडीतही तो दिवा लागतो. ९५९ चं शहाणपण सगळ्यांनी उचललं.

एफ४० चं कुणी काय उचलणार? तिच्यात काही ठेवलेलंच नाही. एबीएस नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, गालिचा नाही, दार आतून उघडायला नुसती दोरी. १९८७ ची, कंपनीच्या चाळिशीची गाडी. एन्झो फेरारी पुढच्याच वर्षी गेले. ४७८ अश्वशक्ती, ताशी ३२४ किलोमीटर. टर्बो जागा होईपर्यंत थांबायचं, मग पाठीत लाथ.

'तुम्ही कोणती घ्याल?' असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर: रोज चालवायची तर डोळे झाकून ९५९. फक्त तिचं सस्पेन्शन उघडणारा मिस्त्री आधी शोधून ठेवा. एफ४० घ्यायला गेलात, तर रबरी पेट्रोल टाकी कधी बदलली ते विचारा, आणि गाडी उन्हात काढायला लावा. मूळ रंग इतका पातळ असतो की खालच्या कार्बन-धाग्यांच्या बॉडीची वीण दिसते. अंग आरशासारखं गुळगुळीत असेल, तर तिला पुन्हा रंग का लावावा लागला, ते मालकाकडून काढून घ्या.