बुटका मका आणि वर पळणारी कपाशी

श्रावणात जळगाव जिल्ह्यात धरणगाव-एरंडोलकडे चक्कर मारा, पाऊस दणकून झालेला असतो, युरिया पण जरा सढळ हाताने पडलेला असतो आणि कपाशी नुसती वर पळत असते, मग कोणी शेंडे खुडतं तर कोणी कृषी केंद्रातून मेपिक्वाट क्लोराइड हे वाढ रोखणारं औषध आणून पंपात टाकतं. वाढ थांबते. पण थांबतं नेमकं काय?

झाडात जिबरेलिन नावाचं उंची वाढवणारं हार्मोन असतं, द्राक्षवाले ज्याला जीए म्हणतात तेच. ते एकदम तयार होत नाही, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं अशी लांबलचक साखळी आहे आणि पायरीपायरीला ते काम घडवणारं वेगळं एन्झाइम. चांगल्या झाडात ही साखळी कळणं अवघड, सगळंच सुरळीत चालू असतं ना.

म्हणून अमेरिकेत बर्नार्ड फिनी यांनी बुटका मका धरला. म्युटंट, म्हणजे एकच जीन बिघडलेला. 1956 साली त्यांनी दाखवलं की यातल्या काही बुटक्यांना जीए दिलं की ते साध्या मक्याएवढे उंच होतात, म्हणजे खोट हार्मोन बनवण्यातच आहे. खरी मजा पुढे आली. या बुटक्यांना ड्वार्फ-1, ड्वार्फ-5 अशी नावं आहेत आणि साखळीतल्या जीएंनाही नंबर आहेत, जीए-20 पासून पुढे जीए-1 बनतं. ड्वार्फ-5 ला जीए-20 दिलं तर तो वाढतो, ड्वार्फ-1 ला तेच दिलं तर जवळपास ढिम्म, पण जीए-1 दिलं की सुटलाच! म्हणजे ड्वार्फ-1 ची गाडी बरोब्बर 20 आणि 1 च्या मधे अडलीय, आणि उंची वाढवायचं काम जीए-1 चं, आधीचा सगळा कच्चा माल. महागडं मशीन नंतर, आधी हे साधं डोकं, मला तर हेच जास्त भारी वाटतं. ड्वार्फ-8 मात्र वेगळाच, त्याच्यात जीए भरपूर पण झाड ऐकतच नाही.

मेंडेलचा बुटका वाटाणा आठवतो का शाळेतला? त्याचा जीन 1997 ला सापडला, तर तोही ड्वार्फ-1 च्याच पायरीवर अडलेला निघाला. आणि वाटाण्यातच स्लेंडर नावाचा उलटा म्युटंट आहे, त्याच्यात जीए निकामी करणारं एन्झाइम बिघडलंय, त्यामुळे रोप उगवल्या उगवल्या लांबच लांब, लुकडं.

आपलं मेपिक्वाट साखळीच्या सुरुवातीलाच आडवं येतं, ड्वार्फ-5 चा बिघाडही तिकडेच, सुरुवातीच्या पायऱ्यांमधे. फरक एवढाच की कपाशीचा जीन शाबूत असतो, औषधाचा असर उतरला आणि पाऊस लागूनच राहिला की शेंडा परत चालू.