इब्न अल-हैथमची अंधारी खोली

खोलीत मिट्ट काळोख आहे. दाराला एकच बारीक भोक. बाहेर ओळीने पाच पणत्या लावल्यात, आणि आत भिंतीवर उजेडाचे पाच ठिपके उमटलेत. आता बाहेरची टोकाची पणती झाकूया. आत विरुद्ध टोकाचा ठिपका गेला. बाकीचे चार जागच्या जागी. हात काढला, ठिपका परत आला.

पाचही ज्योतींचा उजेड एवढ्याशा भोकातून एकदमच आत शिरला, तरी एकमेकांत कालवला गेला नाही. जो तो आपल्या सरळ रेषेत गेला. दिव्यांचा हा प्रयोग इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञाने सुमारे हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलाय.

त्याचा जन्म ९६५च्या सुमारास बसऱ्याचा, हयात गेली कैरोत. जुने चरित्रकार सांगतात, नाईलचं पाणी आवरून दाखवतो असा शब्द त्याने इजिप्तच्या खलिफा अल-हाकिमला दिला होता. नदीच्या वरच्या अंगाला जाऊन पाहिल्यावर हे होणं नाही, हे त्याला कळून चुकलं. खलिफाच्या धाकाने त्याने वेडाचं सोंग घेतलं. १०२१मध्ये खलिफा गेला, तेव्हा कुठे तो मोकळा झाला. मग अल-अझहर मशिदीजवळ राहून युक्लिड आणि टॉलेमी या जुन्या ग्रीक पंडितांच्या ग्रंथांच्या नकला करत त्याने पोट भरलं.

आणि ज्यांचे ग्रंथ उतरवून काढले, त्यांचंच एक मत त्याने खोडून काढलं. डोळ्यातून किरण निघतात म्हणून दिसतं, असं ते मानत. इब्न अल-हैथम म्हणाला, सूर्याकडे पाहिलं की डोळा दुखतो, म्हणजे काहीतरी बाहेरून आत येतंय.

हे पान बघा. ‘किताब अल-मनाझिर’ या त्याच्या प्रकाश आणि दृष्टीवरच्या ग्रंथाची ही नक्कल त्याच्या जावयाने १०८३ साली केली. आज ती इस्तंबूलमध्ये आहे. दोन डोळे, मधे नाक, आणि मागे जाऊन एकमेकींना भिडणाऱ्या दोन नसा. रेघ कुठेही थरथरलेली नाही.

शाळेत शिकवली जाणारी प्रकाशाची गोष्ट ग्रीकांवरून थेट न्यूटनवर येते. मधली ही पानं कुणी उलटतच नाही, आणि हा अन्याय आहे. कारण १२००च्या सुमारास ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि रॉजर बेकन, पेकम, विटेलो या युरोपातल्या पंडितांनी प्रकाशाचे धडे त्यावरूनच गिरवले.

हे १५७२चं मुखपृष्ठ, ग्रंथ बाझेलला छापला तेव्हाचं. आरशांनी पेटवलेली जहाजं, आभाळात इंद्रधनुष्य, पाण्यात उभ्या माणसाचे वाकडे दिसणारे पाय. परावर्तन, अपवर्तन, सगळं एकाच चित्रात.

वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून प्रकाश सगळीकडे सरळ रेषांत जातो, हे इब्न अल-हैथमचं सूत्र. तेच हाती धरून खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ साली दाखवून दिलं की प्रतिमा डोळ्याच्या पडद्यावर उमटते आणि उलटी उमटते. १६११मध्ये त्याने दुर्बिणीतल्या भिंगांचं गणितही मांडलं.