चकवा म्हणजे नेमके काय?

नमस्कार. रावेर-यावल पट्ट्यात रात्रीच्या विजेवर केळीला पाणी देऊन घरी निघालेला माणूस रोजच्या बांधावरून तासभर चालतो आणि पुन्हा त्याच विहिरीपाशी येऊन उभा राहतो, तेव्हा घरातील वडीलधारी मंडळी दोनच शब्द बोलतात: ‘चकवा लागला.’

लोकसमजुतीतील चकवा हे वाटसरूला भुलवणारे भूत आहे. पण ते मुंजासारखे कोणाला धरत नाही की हडळीसारखे रूप दाखवत नाही. ते फक्त दिशा काढून घेते. मला या शब्दाचे क्रियापद फार महत्त्वाचे वाटते. ठेच लागते, ऊन लागते, तसाच चकवा लागतो, म्हणजे ज्याला तो लागला त्याच्याकडे दोष जात नाही. त्याच नावाने त्या जागेचीही ओळख होते आणि ‘त्या नाल्याजवळ चकवा आहे’ असे सांगून मुलांना सावध केले जाते. हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात उतरणाऱ्या नारिंगी चक्रवाकालाही चकवा म्हणतात, मात्र तो अर्थ वेगळा.

या अनुभवामागचे कारण 2009 मध्ये जर्मनीतील संशोधकांनी प्रयोगातून दाखवले. त्यांनी काही जणांना जंगलात सरळ चालत राहण्यास सांगितले, तेव्हा सूर्य दिसत असताना माणसे बऱ्यापैकी सरळ गेली, पण आभाळ झाकलेले असताना ती गोल फिरून आपलीच वाट ओलांडू लागली, आणि तरीही आपण सरळच चाललो आहोत असे त्यांना वाटत होते. डोळे बांधलेल्यांची वर्तुळे तर कधी अवघ्या 20 मीटर व्यासाची झाली. शरीराच्या दिशाज्ञानात पावलागणिक साचणारी बारीक चूक दुरुस्त करायला बाहेरची खूण लागते.

आता केळीची बाग आठवा. पाने डोक्यावर मिळालेली असतात, प्रत्येक ओळ दुसरीसारखीच दिसते, आणि दिवसा उत्तरेची खूण देणारी सातपुड्याची रांग अंधारात बुडालेली असते. चुकलेला माणूस घाबरून वेग वाढवतो, आणि वर्तुळ तुटत नाही.

म्हणूनच जुन्या माणसांचा उपाय मला पूर्णपणे पटतो: चकवा लागला असे वाटताच चालणे थांबवावे, आहे तिथेच बसावे आणि तांबडे फुटल्यावर पूर्व ओळखून उठावे.