‘नाही’ म्हणण्याची ताकद

श्रोतेहो, नमस्कार.

एखाद्या गरीब देशात बेकारीचा आकडा अगदी कमी दिसला, तर लगेच हुरळून जाऊ नका. ज्यांचं हातावर पोट आहे, त्यांना बेकार राहणं परवडतच नाही. कारखाना बंद पडला की माणूस ओझी वाहतो, पाटी घेऊन फिरतो, पडेल ते काम करतो. आठवड्यात एक तास जरी मोबदल्याचं काम केलं, तरी पाहणीत तो रोजगार असलेल्यांत मोजला जातो. त्याची कमाई निम्म्यावर आली, हे त्या आकड्यातून कळत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार, जगात काम करणाऱ्यांपैकी 60 टक्क्यांहून जास्त, म्हणजे सुमारे 200 कोटी लोक, असंघटित कामात आहेत. आणि पेन्शन, भरपगारी रजा, प्रसूतीचे लाभ यांची जुनी घडी मात्र मालक आणि नोकराच्या वर्गणीवर बसलेली! घरी बसून नगावर शर्टांना बटणं लावणाऱ्या बाईचा मालक कोण? माल टाकणारा, त्याच्यावरचा ठेकेदार, की कंपनी? तिघंही हात वर करतात. तापामुळे खाडा झाला की मजुरी जाते, वर औषधाचा खर्च. मग उचल घ्यायची, आणि ती फिटेपर्यंत समोरचा देईल त्या दराने राबायचं.

म्हणूनच सामाजिक सुरक्षेला निव्वळ मदत म्हणणं मला पटत नाही. कमी मजुरीला ‘नाही’ म्हणण्याची ताकद तिच्यातून येते. भारतात 2005 च्या कायद्यानं ग्रामीण कुटुंबांना वर्षाला 100 दिवस कामाची हमी दिली, तेव्हा खासगी कामावरची मजुरीही वाढल्याचं काही अभ्यासांत दिसलं.

‘फुकट दिलं की लोक आळशी होतात’ असं सर्रास म्हटलं जातं. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या रोख मदतीच्या सात योजना तपासल्या. लोकांनी काम कमी केल्याचा ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही.

मग वर्गणी कोणी भरायची? थायलंडनं 2002 मध्ये आरोग्यापुरतं उत्तर दिलं: सरकारी तिजोरीनं. नोकरीतून विमा नसलेल्या नागरिकांनाही उपचारांचा हक्क मिळाला. मालक कोण, हा प्रश्नच उरला नाही. मात्र त्या योजनेतून उपचार होतात, बुडालेली मजुरी मिळत नाही. त्यासाठी वेगळी तरतूद करावी लागते, आणि बहुतेक गरीब देशांत ती अजून झालेली नाही.