शेळी, लांडगा आणि कर्मणी प्रयोग

नमस्कार श्रोते हो. आज एका फार जुन्या भाषेच्या आजच्या बोलींबद्दल बोलायचं आहे. भाषेचं नाव अरामी. येशू ख्रिस्त घरीदारी जी बोलायचा ती भाषा, एवढी ओळख आपल्याला असते. सम्राट अशोकाने कंदाहारच्या खडकावर ग्रीकच्या जोडीने जी कोरवून घेतली, तीही अरामीच. मग ती मेली आणि पोथ्यांत उरली, असं आपण धरून चालतो. तसं नाही. अरामी आजही बोलली जाते. पुन्हा सांगते, आजही बोलली जाते, आणि तीही एक नाही, शंभराहून जास्त बोली आहेत.

इराकचा उत्तर भाग, तुर्कस्तानचा आग्नेय कोपरा आणि इराणची पश्चिम बाजू, या डोंगराळ पट्ट्यात ख्रिस्ती आणि ज्यू लोक या बोली बोलत आले. गावागणिक बोली निराळी. इराणमधल्या उर्मिया किंवा सानंदाज शहरात तर तिथल्या ख्रिस्त्यांची अरामी वेगळी, ज्यूंची वेगळी, आणि एकाची दुसऱ्याला सहजी कळायची नाही. अभ्यासक या कुळाला ईशान्य नव-अरामी म्हणतात. बोलणारे ख्रिस्ती लोक मात्र आपल्या भाषेला साधं 'सुरेत' म्हणतात.

हे लोक आता तिथे फारसे राहिलेले नाहीत. 1915 च्या कत्तलीत तुर्कस्तानातली हक्कारीची गावं उठली. 1950-51 मध्ये इराकमधले ज्यू इस्राएलला गेले. 1988 मध्ये सद्दामच्या अन्फाल मोहिमेत डोंगरातली गावं जमीनदोस्त झाली. 2014 मध्ये मोसुलजवळचं काराकोश एका रात्रीत रिकामं झालं. माणसं शिकागो, सिडनी, स्वीडन अशी पांगली. गाव पांगलं की गावाची बोली दोन पिढ्यांत जाते. बिजील नावाच्या गावच्या ज्यूंची बोली घ्या. ती बोलणारी शेवटची बाई 1998 मध्ये जेरुसलेममध्ये वारली.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे ती सांगते. गोष्ट पुण्यातली आहे.

पुण्यात इराकहून पुष्कळ मुलं शिकायला येतात, हे पुणेकरांना माहीत आहे. त्यांतली एक मुलगी माझ्या ओळखीची झाली. राहणारी एर्बीलजवळच्या अंकाव्याची, ख्रिस्ती. तिची आजी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्यात आली आणि नातीकडे कोंढव्यात राहिली. आजी मूळच्या तुर्कस्तानच्या सरहद्दीला लागून असलेल्या बर्वारी भागातल्या. त्यांचं गाव अन्फालमध्ये गेलं. मी रेकॉर्डर घेऊन त्यांच्याकडे जायला लागले.

सुरुवात सगळे करतात तशीच, प्रश्नावलीने. मी इंग्रजीत वाक्य द्यायचं, नातीने ते आजीला अरबीत सांगायचं, आजींनी सुरेतमध्ये. 'लांडग्याने शेळी खाल्ली.' आजी म्हणाल्या, 'कम आखिल्ला.' मी लिहून घेतलं. यात क्रियापद लांडग्याच्या मागे चालतं आणि शेळी शेवटी 'ला' होऊन चिकटते. वीस-पंचवीस वाक्यं झाली. आजी कंटाळल्या. त्यांच्या पुढ्यात कोबीची पानं होती, भात आणि खिमा भरून डोल्मा वळणं चाललं होतं. वळता वळता त्या नातीला काहीतरी म्हणाल्या. नात हसली. 'मॅडम, आजी विचारतेय, या बाईंना शेळीत एवढा रस असेल तर आमच्या शेळीची गोष्ट सांगू का?'

मी म्हटलं, सांगा. रेकॉर्डर चालूच होता.

आजी तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या. डोंगरातली थंडी, बर्फ इतका पडलेला की उताराच्या बाजूने घरांच्या सपाट धाब्यांपर्यंत पोचलेला. संध्याकाळी गोठ्याची कडी लावायचं काम पोरीकडे. सकाळी बघतात तर दार सताड उघडं, शेळी गायब. आई बाहेर आली, रिकामा गोठा पाहिला आणि पोरीवर ओरडली, 'श्वीकालाख!' म्हणजे 'तू सोडलीस!' शेजारीण आली. ती म्हणाली, 'खिलाले.' खाल्ली त्याने. कुणी, हे सांगायची गरजच नव्हती. त्या दिवसांत लांडगा गावाच्या कडेपर्यंत यायचा. मग चुलता आला, 'खिलाले.' पाद्री आले, त्यांनीही मान हलवली, 'खिलाले.' सगळा गाव गोठ्यासमोर उभा आणि सगळ्यांच्या तोंडी एकच क्रियापद. आजी एकेकाचा आवाज काढून सांगत होत्या, पान हातात तसंच. मध्येच कुकरची शिट्टी झाली, ती रेकॉर्डिंगमध्ये आहे. पुढे दुपारी चर्चमध्ये प्रार्थनेला सगळे जमले, तर वरून टपटप आवाज. बाहेर येऊन बघतात तर शेळी चर्चच्या धाब्यावर! बर्फावरून चालत चालत वर गेलेली, आणि धाब्यावर वाळत टाकलेल्या काटक्या चघळत उभी. आजी एवढ्या हसल्या की नातीने त्यांना पाणी दिलं.

पण नात मधूनच थांबली होती. ती म्हणाली, 'मॅडम, आजी खिलाले म्हणाली. मी असं कधी म्हणत नाही. माझी आईपण म्हणत नाही. आम्ही कम आखिल्लाच म्हणतो.' आजीला विचारलं तर आजी म्हणे, मी कुठे असं म्हणाले?

श्रोते हो, हेच सांगायचं आहे. विचारलं तेव्हा एक रूप आलं, सांगितलं तेव्हा दुसरं आलं. व्याकरण विचारून मिळत नाही, ते गोष्ट ऐकताना मिळतं.

आता 'खिलाले'कडे पाहू. आपण शाळेत प्रयोग ओळखा केलंय. कर्तरी, कर्मणी, भावे. (दोन गुणांसाठी प्रयोग ओळखायला लावून आपण मुलांना व्याकरणाचा वीट आणला, असं माझं फार जुनं मत आहे. मराठीतली इतकी देखणी गोष्ट रिकाम्या जागेत कोंबली आपण.) तर कर्मणी. रामाने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, आंबे खाल्ले. क्रियापद रामाकडे बघत नाही, जे खाल्लं त्याच्याकडे बघतं. आता अरामी ऐका. खिल्ले म्हणजे त्याने खाल्ला. खिलाले म्हणजे त्याने खाल्ली. खिलीले म्हणजे त्याने खाल्ले, अनेक. मधला 'आ' शेळीचा, शेवटचा 'ले' लांडग्याचा. आणि आईचं ते 'श्वीकालाख' आपल्या 'सोडलीस'सारखंच आहे. सोडलीस मध्ये 'ली' शेळीची आणि 'स' तुझा. श्वीकालाखमध्ये 'आ' शेळीचा आणि 'लाख' तुझं, समोर बाई असेल तर. पुरुष असता तर 'लुख'. एक फरक आहे. आजींच्या बोलण्यात तो 'आ' येतो तो ठरावीक, माहितीतल्या शेळीसाठी. कुठलीतरी शेळी असेल तर येत नाही.

खिलाले आणि खाल्ली यांचा आवाज जुळतो तो निव्वळ योगायोग, त्यावर घर बांधू नका. जुळते ती घडण, आणि त्यामागे इतिहास असावा. अडीच हजार वर्षांपूर्वी इराणी साम्राज्याचा कारभार अरामीत चालायचा. इराणी भाषेत 'मी केलं' हे 'माझं केलेलं' असं म्हणायची रीत होती. इजिप्तमधल्या इराणी क्षत्रपाच्या अरामी पत्रव्यवहारात 'मला ऐकलेलं', म्हणजे 'मी ऐकलं', अशी रचना सापडते. आपल्याकडे संस्कृतात 'मया श्रुतम्', त्यातून पुढे मराठीचं 'मी ऐकलं'. इराणी आणि संस्कृत एका कुळातल्या. अरामी मात्र हिब्रू-अरबीच्या कुळातली. शेजाराने तिने ही चाल उचलली, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

केंब्रिजचे जेफ्री खान यांनी 1990 च्या दशकापासून या एकेका बोलीचं व्याकरण लिहायला घेतलं. एर्बीलच्या ज्यूंची बोली 1999 मध्ये, काराकोशची 2002 मध्ये आणि आपल्या आजींच्या बर्वारीची 2008 मध्ये, तीन खंडांत. एक खंड व्याकरण, एक शब्दसंग्रह आणि तिसरा अख्खा खंड माणसांनी सांगितलेल्या गोष्टी. तिसरा खंड कशाला, असं कुणी विचारलं तर मी शेळीची गोष्ट सांगते. (आपल्याकडे जळगाव जामोदच्या बाजूला निहाली बोलतात. तिच्यासाठी माणसं आणि पैसा उभा करायला आपल्याला इतका वेळ का लागतो, हे मला खरोखर कळत नाही. स्मारकाला पैसे मिळतात, रेकॉर्डिंगला मिळत नाहीत.)

एक गोष्ट अजून लागलेली नाही. मराठीत 'त्याने शेळी पाहिली', पण 'त्याने मला पाहिलं'. बोलणारी बाई असली तरी पाहिलंच. 'मला' आलं की क्रियापद जुळायचं सोडून देतं. बऱ्याच नव-अरामी बोलींतही तसंच आहे. खिलालेसारख्या रूपात 'तो', 'ती', 'ते' बसतात, 'मला' आणि 'तुला' बसत नाहीत, तिथे 'कम' लागतं. काही बोलींत मात्र बसतात. आजींच्या तोंडी काय येतं? शेळीच्या गोष्टीत 'मला' कुठेच नाही. आजी आता अंकाव्याला परत गेल्या आहेत, गुडघा चांगला आहे. नात रविवारी फोन लावून देणार आहे. वाक्य देऊन विचारायचं नाही, हे आमचं ठरलं आहे. लहानपणी तुम्हाला कुणी कधी चोरी करताना पकडलं होतं का, एवढंच विचारणार आहोत.

वेळ झाली. नमस्कार.