पेरानाकन ताटातली काळी बी

पेरानाकन जेवण म्हणजे ‘चायनीज अधिक मलाय’ असं सांगून मोकळं होता येतं, पण मेन्यूकार्ड हातात आलं की त्याचा काही उपयोग होत नाही. मलेशियातलं मलाक्का आणि पिनांग, आणि सिंगापूर या बंदरांत स्थायिक झालेले चिनी व्यापारी आणि तिथल्या बायका यांच्या संसारातून हा समाज घडला. पुरुष बाबा, बायका न्योन्या. चूल न्योन्यांच्या ताब्यात, त्यामुळे आंबवलेलं सोयाबीन आणि डुकराचं मांस चिनी वळणाचं, पण वाटण मलाय. या वाटणाला रेम्पा म्हणतात, आणि हॉटेल बरं की वाईट ते इथेच ठरतं.

रेम्पात बारीक कांदे, भिजवलेल्या सुक्या मिरच्या, गलंगल हा आल्यासारखा कंद, ओली हळद, कँडलनट नावाची तेलकट बी आणि गवती चहा. आपण गवती चहाची पात वापरतो, तिकडे बुडाचा पांढरा दांडा. शिवाय बलाचान, म्हणजे जवळ्यासारखी बारीक कोळंबी मिठात आंबवून, कुटून, वाळवून केलेली वडी. वाटायचा क्रम चुकवायचा नाही. आधी चिवट दांडा आणि गलंगल, कांदा सगळ्यात शेवटी. कांदा आधी पडला तर त्याच्या पाण्यात बाकीचं नुसतं घसरत राहतं, वाटलं जात नाही. मिक्सरमध्ये पाणी घालावं लागतं, मग ते वाटण परतलं न जाता आधी शिजतं. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं परतून तेल सुटलं पाहिजे. मलायमध्ये याला ‘तेल फुटणं’ म्हणतात, आपल्या ‘तेल सुटण्या’ला अगदी खेटून. आच मोठी केली की मिरची करपून कडू होते आणि कांदा मात्र आतून कच्चाच राहतो. रस्सा तोंडात घेतल्यावर कच्च्या कांद्याचा उग्रपणा आला, तर स्वयंपाकघरात घाई झाली आहे असं खुशाल समजा.

आता ती काळी बी. आयाम बुआ केलुआक म्हणजे चिंचेच्या आंबट रश्शातली कोंबडी, पण मान कोंबडीला नाही, बुआ केलुआकला. ही बी कच्ची असताना विषारी, तिच्यात सायनाइड तयार होतं. म्हणून ती उकळून, राखेत पुरून साधारण चाळीस दिवस मुरू देतात. बाजारातून आणल्यावरही तीन ते पाच दिवस पाण्यात, रोज पाणी बदलून, घासून. मग कवचाचं एक तोंड फोडून आतला डांबरासारखा काळा गर टोकरून काढायचा, हुंगायचा, मीठ-साखर घालून कुटायचा आणि पुन्हा कवचात भरायचा. काही जण त्यात कोळंबीचा किंवा डुकराचा खिमा मिसळतात. हुंगणं टाळलं की संपलं, कारण एकच नासकी बी अख्खं पातेलं घालवते. पानात आल्यावर बारीक चमच्याने गर काढून साध्या भातात कालवा. रस्सा त्यानंतर.

नव्या ढंगाच्या हॉटेलांत हाच गर फ्राइड राइसमध्ये, पास्त्यात, आइस्क्रीममध्येही भेटतो. सिंगापूरच्या ‘कँडलनट’ नावाच्या हॉटेलला 2016 साली मिशलिन तारा हा मानाचा किताब मिळाला, पेरानाकन हॉटेलांत तो पहिलाच. तिथलं बुआ केलुआकचं आइस्क्रीम चॉकलेटच्या जोडीने येतं. ही चमत्कृती नाही. गराचा कडवटपणा कोकोच्या जवळचा आहे, त्यामुळे जोडी जमते. याउलट रश्शात क्रीम ओतलं की चिंचेची धार बोथट होते. कोंबडी वेगळी शिजवून वरून रस्सा सोडला तर ताट देखणं दिसतं, पण कोंबडीचा अर्क रश्शात उतरतच नाही. ताट नवं असायला हरकत नाही, फक्त मुरवण्याचे दिवस आणि परतण्याची मिनिटं कापलेली नकोत.

चौघं असाल तर एक बुआ केलुआक, एक नारळाच्या दुधातला रस्सा, चाप चाय ही मिश्र भाजी आणि भरपूर भात पुरे. सुरुवातीला कुए पाय टी मागवा, म्हणजे टोपीसारख्या कुरकुरीत वाट्या आणि आत शिजवलेल्या कंदाचा कीस. वाटीचा पितळी साचा तेलात पुरता तापला नसेल तर पीठ धरत नाही, जास्त तापला तर पीठ सुटून तेलात पडतं. चांगल्या ठिकाणी वाट्या आणि सारण वेगवेगळं देतात. भरलेली वाटी दोन-तीन मिनिटांत मऊ पडते, तेव्हा फोटो नंतर.

शाकाहारी मंडळींनी ‘मांस नको’ एवढंच सांगून भागत नाही. बलाचान वाटणातच असतं, ते वरून काढता येत नाही. चाप चायमध्येही बहुतेकदा सुकी कोळंबी असते. आधी स्पष्ट विचारा.

शेवटी ओंदे-ओंदे. चिकट तांदळाच्या पिठाची, पांदानच्या पानाने हिरवी केलेली गोळी, आत माडाचा गूळ, वरून खवलेलं खोबरं. मोदकाची आठवण येईल, पण चावायची पद्धत वेगळी. अख्खी तोंडात टाका आणि ओठ मिटून चावा, नाहीतर पातळ झालेला गूळ समोरच्याच्या शर्टावर जातो.